मास्क डिव्हाइसचा, मर्यादा बसची

पुण्यातल्या एका एम्बेडेड कंपनीत लागून मला आठ महिने झाले होते, तेव्हा तो बोर्ड माझ्या टेबलावर आला. २ जीबी मेमरीचा जुना बोर्ड आमच्याकडे वर्षभर बिनतक्रार चालला होता. हा नवा, ४ जीबीचा. चिप तीच, लिनक्सचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) तोच, नेटवर्कचा ड्रायव्हरही तोच. तरी केबल लावून पिंग केलं की उत्तर येईना. हार्डवेअरचा काउंटर सांगत होता की पाकिटं आली, आणि बफर, म्हणजे ती ठेवायची मेमरीतली जागा, उघडून पाहिला तर आत नुसते शून्य. मधूनच अख्खा बोर्ड गोठायचा.

तीन दिवस मी ड्रायव्हरमधला रिंग बफरचा कोड वाचत बसलो. चौथ्या दिवशी टीममधल्या सीनियर मॅडम मागे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बूट करताना कमांड लाइनवर मेमरी २ जीबीवर अडव आणि बघ." अडवली. पिंग लगेच सुरू झालं. "आता कोड वाचू नकोस, पत्ते वाच," एवढं बोलून त्या मीटिंगला गेल्या.

कर्नलमध्ये नव्याने येणाऱ्यांना डीएमएची ही भानगड कुणी नीट बसून सांगत नाही, म्हणून हे लिहितोय.

डीएमए म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता डिव्हाइसने थेट मेमरीत लिहिणं. ड्रायव्हर डिव्हाइसला बफरचा पत्ता देतो आणि डिव्हाइस तिथे डेटा टाकतं. पण डिव्हाइसपासून मेमरीपर्यंतच्या वाटेवर, म्हणजे बसवर, पत्त्याच्या किती तारा आहेत, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. जुन्या आयएसए कार्डांना २४ बिटांचा पत्ता होता, म्हणून त्यांना पहिले १६ एमबीच दिसायचे. ३२ बिटांत ४ जीबी मावतात. त्यापलीकडचा पत्ता दिला तर तक्रार होईलच असं नाही. बऱ्याचदा वरचे बिट नुसते गळून पडतात. घर क्रमांक ११२ चं पत्र, पोस्टमनने शेवटचे दोनच आकडे वाचले म्हणून १२ नंबरच्या घरात पडावं, तसं. पाठवणाऱ्याला वाटतं पत्र पोचलं.

आमच्या चिपवर रॅम १ जीबीच्या पत्त्यापासून सुरू होते. २ जीबी रॅम असेल तर ती ३ जीबीला संपते, सगळी ३२ बिटांत बसते. ४ जीबी असेल तर ती ५ जीबीपर्यंत जाते आणि शेवटचा १ जीबी ३२ बिटांच्या बाहेर पडतो. त्यात कर्नल साध्या मागणीला आधी वरच्या पत्त्यांच्या भागातूनच (झोनमधून) मेमरी देतो. म्हणजे आमचे बफर हमखास त्या शेवटच्या १ जीबीत जात होते. वरचा बिट गळला की पत्ता ० ते १ जीबीमध्ये यायचा. तिथे रॅम नाहीच, पेरिफेरलची, म्हणजे चिपवरच्या इतर डिव्हाइसांची, नियंत्रण रजिस्टरं आहेत. बोर्ड का गोठत होता ते कागदावर हे आकडे मांडल्यावर कळलं. आजही मी नवा बोर्ड हातात घेतला की आधी हा नकाशा हाताने काढतो: रॅम कुठून कुठे, रजिस्टरं कुठे, डिव्हाइसला किती दिसतं.

ड्रायव्हरमध्ये एक ओळ होती: डीएमए मास्क ४० बिट. मास्क म्हणजे ड्रायव्हरने कर्नलला दिलेली हमी, की माझं डिव्हाइस इतक्या बिटांचे पत्ते लिहू शकतं. मी तिथे ३२ केलं. सगळं चाललं. पॅच (कोडमधला बदल) तयार केला, तपासणीची स्क्रिप्ट चालवली, मेंटेनरांची, म्हणजे तो कोड सांभाळणाऱ्यांची, यादी काढली, ईमेलने पाठवला. पहिला पॅच! घरी आईलाही फोन करून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मेंटेनरचा एकच प्रश्न आला: ही मर्यादा डिव्हाइसची आहे की बसची?

मला उत्तर देता आलं नाही. मॅन्युअल पुन्हा उघडलं. नेटवर्कचा तो ब्लॉक खरोखरच ४० बिटांचे पत्ते काढत होता. आमच्या चिपमध्ये तो ज्या बसवर बसवला होता ती ३२ बिटांची होती. तोच ब्लॉक दुसऱ्या एका चिपमध्ये पूर्ण रुंदीच्या बसवर होता आणि ड्रायव्हर दोघांचा एकच. माझा पॅच गेला असता तर त्या दुसऱ्या चिपच्या लोकांना विनाकारण फटका बसला असता. डिव्हाइसच्या आवाक्याबाहेरचा बफर आला की कर्नल खालच्या मेमरीतल्या एका राखीव तुकड्यातून डेटा कॉपी करतो. त्याला स्विओटीएलबी म्हणतात आणि तो साधारणपणे ६४ एमबीचा असतो. आमच्या बोर्डवर ती कॉपी अटळ होती. त्यांच्या बोर्डवर नव्हती, माझ्यामुळे प्रत्येक पाकिटामागे झाली असती.

म्हणजे ड्रायव्हरमधले ४० बरोबरच होते. चूक डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे कर्नलला हार्डवेअरचं वर्णन देणाऱ्या फाइलीत होती, तिथे बसची मर्यादा कुणी लिहिलीच नव्हती. ती लिहायची जागा म्हणजे 'डीएमए-रेंजेस' ही प्रॉपर्टी. तीत तीन गोष्टी असतात: बसच्या बाजूने पत्ता, प्रोसेसरच्या बाजूने पत्ता आणि लांबी.

यातही मी दोनदा अडखळलो. पहिल्यांदा ती प्रॉपर्टी नेटवर्क डिव्हाइसच्याच नोडमध्ये (त्या ट्रीतल्या नोंदीत) लिहिली. कर्नलने ढुंकूनही पाहिलं नाही, कारण तो ती डिव्हाइसच्या वरच्या, म्हणजे बसच्या नोडपासून शोधायला लागतो. मर्यादा बसची असेल तर ती बसच्या नोडमध्येच असणार, हे आता उघड वाटतं. तेव्हा अर्धा दिवस गेला. दुसरी अडचण बारीक होती. बसच्या नोडमध्ये लांबीसाठी एकच सेल, म्हणजे ३२ बिट ठेवले होते. ० पासून ४ जीबी असं लिहायला गेलो तर ४ जीबी हा आकडा ३२ बिटांत मावत नाही, एकाने जास्त होतो. सेल दोन करावेत तर खालच्या सगळ्या डिव्हाइसांचे पत्ते नव्याने लिहावे लागणार. मग लक्षात आलं, रॅम मुळात १ जीबीला सुरू होते. १ जीबीपासून ३ जीबी लांबी लिहिली, आकडा मावला आणि शेवट बरोबर ४ जीबीला आला. अख्खी दुरुस्ती एका ओळीची. कमिटचा मजकूर मात्र वीस ओळींचा झाला, आणि मेंटेनरने त्यातला एकही शब्द कापला नाही.

खरं उदाहरण वाचायचं असेल तर रास्पबेरी पाय ४ ची डिव्हाइस ट्री उघडा. त्या बोर्डच्या चिपच्या सुरुवातीच्या आवृत्तीत पीसीआय एक्सप्रेस या बसला पहिल्या ३ जीबीपलीकडची मेमरी दिसत नाही, आणि कर्नलमधल्या फाइलीत ही गोष्ट कॉमेंटसकट डीएमए-रेंजेसमध्येच नोंदलेली आहे. त्याच चिपवरच्या बऱ्याच जुन्या पेरिफेरलना तर पहिला १ जीबीच दिसतो. एकाच बोर्डवर दोन बस, दोन मर्यादा, आणि प्रत्येक आपापल्या नोडमध्ये.

जुने ड्रायव्हर वाचताना आधी ६४ बिटांचा मास्क, तो नाकारला तर ३२ चा, अशी जोडी दिसेल. आजच्या कर्नलमध्ये ६४ चा मास्क नाकारला जात नाही, त्यामुळे खालची फांदी मेलेली आहे. ती पाहून शिकू नका. पीसीआयची जुनी मास्क लावायची फंक्शनं तर २०२२ मध्ये ५.१८ आवृत्तीत काढूनच टाकली. इंटरनेटवरच्या बऱ्याच धड्यांत ती अजून आहेत आणि तो कोड कंपाईल होत नाही. बफरचं मॅपिंग (डिव्हाइसला द्यायचा पत्ता कर्नलकडून घेणं) केल्यावर ते फसलं का, हे दरवेळी तपासा. कर्नल बांधताना डीएमए डीबगचा पर्याय चालू ठेवा, तो विसरलेली तपासणी दाखवून देतो.

बोर्ड नसेल तरी अडत नाही. क्यूईएमयू या संगणकाची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'एज्यू' नावाचं शिकाऊ पीसीआय डिव्हाइस आहे, मासारिक विद्यापीठातल्या कर्नलच्या तासांसाठी बनवलेलं. त्याचा डीएमए मुद्दाम २८ बिटांचा, म्हणजे २५६ एमबीचा ठेवलाय. क्यूईएमयूला १ जीबी मेमरी द्या, छोटा ड्रायव्हर लिहा आणि मास्क मुद्दाम ६४ लावा. क्यूईएमयूचा पाहुण्याच्या, म्हणजे आत चाललेल्या सिस्टिमच्या, चुका नोंदवणारा लॉग चालू केलात तर पत्ता कापल्याची ओळ दिसेल: डावीकडे तुम्ही दिलेला पत्ता, उजवीकडे डिव्हाइसने वापरलेला. तीन दिवस मी जे शोधत होतो, ते तिथे एका ओळीत छापून येतं. मग मास्क २८ करा, बफर कोहेरंट पद्धतीने (प्रोसेसर आणि डिव्हाइस दोघांना सारखाच डेटा दिसेल असा) पुन्हा मागा आणि कर्नल या वेळी कुठला पत्ता देतो ते बघा.