दोरा, नट आणि स्टॉपवॉच: गुरुत्व त्वरण स्वतः मोजा

‘जी म्हणजे ९.८’ हे घडाघडा म्हणणारी मुलं मला दरवर्षी भेटतात. ९.८ काय, असं विचारलं की निम्मी गप्प होतात. मी विज्ञान शिकवते आणि माझं मत असं, की हा आकडा एकदा तरी आपल्या हातांनी काढून बघावा. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. बारीक पण न ताणणारा दोरा, एक जाड लोखंडी नट, मोजपट्टी आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच एवढ्यावर भागतं. नीट केलं तर उत्तर एक-दोन टक्क्यांच्या आत येतं. आणि बिघडलं, तर कुठे बिघडलं हे बरेचदा तो आकडाच सांगतो. मला या प्रयोगातलं तेच जास्त आवडतं.

आधी अर्थ पक्का करू. हवेचा अडथळा बाजूला ठेवला, तर वरून सोडलेल्या वस्तूचा वेग दर सेकंदाला सुमारे ९.८ मीटर प्रति सेकंद इतका वाढत जातो. या वाढीच्या दराला गुरुत्व त्वरण म्हणायचं, तोच आपला ‘जी’. मग वस्तू सोडून थेट वेळच का मोजू नये? कारण एक मीटर खाली यायला तिला जेमतेम ०.४५ सेकंद लागतो आणि डोळ्यांनी बघून बोटाने बटण दाबण्यातच आपला सुमारे ०.२ सेकंद जातो. जे मोजायचं त्याच्या निम्मी गडबड आपल्याच बोटाची! लंबक, म्हणजे दोऱ्याला टांगून झुलवलेलं वजन, इथे कामाला येतो. त्यालाही गुरुत्वाकर्षणच हलवतं, पण तो तीच हालचाल पुन्हा पुन्हा करत राहतो. एक जाणं-येणं मिळून एक दोलन. वीस दोलनांची वेळ एकदम मोजली की बोटाची गडबड वीस दोलनांत वाटली जाते.

लंबकाचं सूत्र असं लिहून ठेवा:

जी = ३९.४८ × लांबी ÷ (दोलनकाल × दोलनकाल)

लांबी मीटरमध्ये, दोलनकाल (एका दोलनाला लागणारा वेळ) सेकंदात. ३९.४८ म्हणजे ‘पाय’ (π, सुमारे ३.१४) या संख्येच्या वर्गाची चौपट. यात नटाचं वस्तुमान कुठेच नाही, हे लक्षात आलं का? नट जड असला तर पृथ्वी त्याला जास्त ओढते, पण तो हलवायलाही तितकाच अवघड असतो. दोन्ही गोष्टी एकमेकींना फेडून टाकतात. तरीही नट जडच घ्या, कारण हलक्या वस्तूची झुलणी हवा लवकर संपवते.

आता टांगणी. बहुतेकांचा प्रयोग इथेच ढिला पडतो. दोरा खिळ्याला गुंडाळू नका. लंबक झुलताना तो खिळ्यावर थोडा चढतो, थोडा उतरतो आणि लांबी सतत बदलत राहते. दोन लाकडी पट्ट्यांच्या मध्ये दोरा घट्ट चिमटा, पट्ट्या करकचून बांधा आणि त्या टेबलाच्या किंवा कपाटाच्या कडेबाहेर काढून वर वजन ठेवा. दोरा पट्ट्यांच्या खालच्या कडेतून जिथे बाहेर पडतो, तोच टांगणीचा बिंदू. हाताने हलवून बघा. पट्ट्या डुलत असतील तर पुढे जाऊ नका.

नटाच्या भोकातून दोरा ओवून गाठ मारा आणि नट लटकत असतानाच लांबी मोजा, म्हणजे दोरा जेवढा ताणायचा तेवढा ताणलेला असेल. लांबी टांगणीच्या बिंदूपासून नटाच्या मध्यापर्यंत घ्यायची. नटाचा मध्य भोकात येतो, तिथे लोखंड नाहीच! वस्तुमानाचा मध्य रिकाम्या जागेत असू शकतो, हे पुस्तकात वाचून पटत नाही, इथे मोजपट्टी त्या पोकळीपाशी धरावीच लागते.

नट किती बाजूला ओढून सोडायचा? थोडाच. वरचं सूत्र लहान कोनांसाठी आहे. कोन १० अंशांचा असेल तर दोलनकालात फक्त ०.२ टक्के फरक पडतो, ३० अंशांना तो १.७ टक्के होतो आणि ६० अंशांना सात टक्क्यांच्या वर जातो. १० अंश म्हणजे एक मीटरच्या दोऱ्याला साधारण १७ सेंटिमीटर बाजूला, त्याहून कमीच ओढा. सोडताना धक्का देऊ नका, नुसती बोटं उघडा. नट गोल गोल फिरायला लागला तर थांबवून पुन्हा सोडा.

वेळ मोजायची ती नट मधून जाताना. मुलं हमखास टोकाला मोजतात, कारण तिथे नट क्षणभर थांबल्यासारखा वाटतो आणि ते सोयीचं दिसतं. पण थांबतो म्हणूनच तो नेमका कधी वळला हे डोळ्यांना कळत नाही. मध्यावर त्याचा वेग सगळ्यात जास्त असतो आणि तो खूण झटकन ओलांडतो, त्यामुळे तो क्षण पक्का सापडतो. मागे कागदावर एक उभी रेघ काढून चिकटवा आणि एक डोळा मिटून तिच्या बरोबर समोर बसा.

स्टॉपवॉच सुरू करायच्या आधी दोन-तीन दोलनं तशीच जाऊ द्या. मग नट डावीकडून उजवीकडे रेघ ओलांडताना ‘शून्य’ म्हणत बटण दाबा. एक नाही, शून्य! पुन्हा डावीकडून उजवीकडे आला की ‘एक’. असं वीसपर्यंत. उजवीकडून डावीकडे जातानाची फेरी मोजायची नाही.

माझ्या वर्गातल्या वहीतलं एक उदाहरण घ्या. लांबी ८० सेंटिमीटर, वीस दोलनांना ३६.० सेकंद. म्हणजे दोलनकाल १.८० सेकंद आणि त्याचा वर्ग ३.२४. ३९.४८ गुणिले ०.८० म्हणजे ३१.५८, त्याला ३.२४ ने भागलं की ९.७५. कॅल्क्युलेटर पुढे आणखी आकडे दाखवेल, त्यांच्या मोहात पडू नका. ३६ सेकंदांत ०.२ सेकंद इकडेतिकडे झाला तर अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त फरक पडतो. दोलनकालाचा वर्ग करायचा असल्यामुळे उत्तरात तो दुप्पट होतो, म्हणजे साधारण ०.१. तेव्हा ‘९.७ किंवा ९.८ च्या आसपास’ एवढंच म्हणायचा आपल्याला हक्क आहे. दशांशचिन्हापुढे सहा आकडे लिहिणाऱ्याचे मी गुण कापते.

आणि उत्तर भलतंच आलं तर? याच प्रयोगाचं बघा. उत्तर १०.८ आलं, तर तुम्ही ‘एक’पासून मोजायला सुरुवात केली. वीस म्हणताना दोलनं एकोणीसच झाली होती, घड्याळात ३४.२ सेकंद आले आणि भागलं मात्र विसाने. उत्तर ३९ आलं, तर जाणं-येणं मिळून एक धरायच्या ऐवजी प्रत्येक ओलांडणीला एक धरलंय. दोलनकाल निम्मा झाला की जी चौपट होतो. ९.५७ च्या जवळ आलं, तर लांबी बहुधा नटाच्या वरच्या कडेपर्यंतच मोजली. मोठ्या नटात तिथून मध्यापर्यंत दीड सेंटिमीटर सहज निघतो. उत्तर दर खेपेला बदलत असेल, तर पट्ट्या किंवा गाठ सैल आहे. ९.८ येईपर्यंत आकडे ‘दुरुस्त’ करणारे विद्यार्थी मला लगेच ओळखू येतात, त्यांचं उत्तर फारच बरोबर असतं.

नट मिळाला नाही आणि छोटं कुलूप टांगलं, तर त्याचा मध्य कुठे धरायचा? धरायचाच नाही. लांबी फक्त गाठीपर्यंत मोजा आणि प्रयोग दोन लांबींवर करा. समजा गाठीपर्यंत १.०० मीटर असताना वीस दोलनांना ४०.५ सेकंद लागले आणि ०.५० मीटर असताना २८.९ सेकंद. दोलनकालांचे वर्ग ४.१० आणि २.०९. वेगवेगळं काढलं तर जी एकदा ९.६३ येतो, एकदा ९.४५. दोन्ही कमी आणि आपसांत जुळतही नाहीत. आता सूत्रात लांबीच्या जागी दोन लांबींमधला फरक घाला, खाली दोन वर्गांमधला फरक. ३९.४८ गुणिले ०.५० भागिले २.०१, म्हणजे ९.८. गाठीपासून कुलपाच्या मध्यापर्यंतचं न मोजलेलं अंतर दोन्ही वेळा तेवढंच होतं, वजाबाकीत ते उडून गेलं.

जी सगळीकडे सारखा नसतो, हेही लंबकानेच दाखवून दिलं. डच शास्त्रज्ञ हायगेन्सने १६५६ मध्ये लंबकाचं घड्याळ घडवलं. १६७२ मध्ये फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ झाँ रिशे पॅरिसहून दक्षिण अमेरिकेतल्या, विषुववृत्ताजवळच्या केयेन या ठिकाणी गेला. तिथे त्याचं घड्याळ दिवसाला सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागलं आणि वेळ जुळवायला लंबक किंचित आखूड करावा लागला. आज आपल्याला माहीत आहे, की विषुववृत्तावर जी ९.७८ असतो आणि ध्रुवांवर ९.८३. आपल्या दोऱ्या-नटाला हा फरक पकडता येणार नाही, त्याचा आवाका तेवढा नाही. चंद्रावर मात्र तोही चालला असता. तिथे जी १.६२ आहे, त्यामुळे इथे दोन सेकंदांत दोलन पुरं करणारा एक मीटरचा लंबक तिथे जवळजवळ पाच सेकंद घेईल.

हात बसला की एक आलेख काढाच. २५, ४०, ५५, ७०, ८५ आणि १०० सेंटिमीटर अशा लांबी घ्या. आडव्या अक्षावर लांबी, उभ्या अक्षावर दोलनकालाचा वर्ग. नुसता दोलनकाल मांडलात तर वक्र मिळेल आणि त्यातून काही काढणं जड जाईल. वर्ग मांडला की बिंदू एका सरळ रेषेत येतात. पट्टी ठेवून सगळ्यांच्या मधून जाणारी रेषा ओढा, बिंदूला बिंदू जोडत बसू नका. लांबी एक मीटरने वाढली की वर्ग किती वाढतो ते रेषेवरून वाचा. ते साधारण ४.०३ यायला हवं आणि ३९.४८ ला त्याने भागलं की जी मिळतो. एखादा बिंदू रेषेपासून फटकून असेल तर तो खोडू नका, त्या लांबीचं मोजमाप पुन्हा घ्या. आणि रेषा शून्यातून न जाता आडव्या अक्षाला शून्याच्या डावीकडे दोन सेंटिमीटरवर छेदत असेल, तर गाठीपासून वस्तूच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन सेंटिमीटर आहे.