पॅडशिवायची सायकल शॉर्ट घेताना आधी ती उलटी करा

ठाण्यात वर्तकनगरला माझं घरच्या घरी शिवणकाम चालतं. फॉल-पिको, ब्लाऊज आणि हल्ली जास्त करून अल्टरेशन. सकाळी स्वतःही सायकल काढते, रोज उपवनपर्यंत आणि अंगात जोर असला तर येऊरचा चढ. त्यामुळे ओळखीतल्या सायकलवाल्या बायका, आणि मागोमाग त्यांचे नवरेही, आपापल्या शॉर्ट्स घेऊन माझ्याकडे येतात. तक्रार ठरलेली असते, "काकू, टोचतंय." आणि लगेच पुढचा प्रश्न, "पॅडवाली घेऊ का?"

थांबा जरा. पाम बीच रोडने वाशीहून बेलापूरला जाऊन परत येणं, नाहीतर सायकलने ऑफिस गाठणं, एवढ्यासाठी शॉर्टच्या आत शिवलेल्या जाडजूड पॅडची गरज बहुतेकांना नसते. पूर्वी सायकलपटू लोकरीच्या शॉर्ट्स घालायचे आणि आत मऊ चामड्याचा तुकडा लावायचे. तो तुकडा गादी म्हणून नव्हता, शिवण अंगाला घासू नये म्हणून होता. धुतला की कडक व्हायचा, मग त्याला क्रीम चोळून मऊ करायचे. 1958 साली ड्यूपॉंट कंपनीत स्पॅन्डेक्स या ताणणाऱ्या धाग्याचा शोध लागला (इलास्टेन, लायक्रा ही त्याचीच नावं), पुढे अंगाला चिकटून बसणारी कापडं आली, आणि चामड्याच्या जागी फोम आणि जेल. तरी मूळ दुखणं तेच राहिलं, शिवण कुठे येते.

म्हणून दुकानात शॉर्ट हातात घेतली की पहिलं काम, ती उलटी करा. आसनाच्या, म्हणजे दोन्ही पाय जिथे जुळतात त्या भागाच्या, मध्यावर बघा. स्वस्तातल्या शॉर्टला पुढची, मागची आणि दोन्ही पायांची शिवण एकाच ठिकाणी येऊन मिळते. चार शिवणी, प्रत्येकीला ओव्हरलॉकची (धागे सुटू नयेत म्हणून काठावर घातलेल्या टाक्यांची) कड, म्हणजे तिथे चांगली वाटाण्याएवढी गाठ होते. अंगठा आणि तर्जनीत धरून चोळून पाहा. बोटाला जाणवली तर सीटवर अर्ध्या तासात नक्की जाणवणार, कारण तुमचं वजन नेमकं त्याच भागात येतं. चांगल्या शॉर्टमध्ये आसनात पतंगाच्या आकाराचा वेगळा तुकडा लावलेला असतो. त्यामुळे शिवणी मधून सरकून बाजूला जातात आणि पाय फाकवल्यावर कापड ताणून धरत नाही. आमच्याकडे लेंग्याला, सलवारीला असा तुकडा पिढ्यान्‌पिढ्या लावत आले आहेत. सायकलच्या शॉर्टला तो मिळवण्यासाठी मात्र जास्त पैसे मोजावे लागतात.

शिवणीचा प्रकारही बघा. फ्लॅटलॉक शिवणीत कापडाच्या कडा एकमेकींवर सपाट बसतात आणि वरून दोऱ्याची जाळी दिसते. नख फिरवलं तर फारसं अडत नाही. ओव्हरलॉकमध्ये आतल्या बाजूला कड उभी राहते. मांडीच्या बाहेरच्या बाजूला ओव्हरलॉक असली तर चालेल, आतल्या बाजूला नको. कंपनीचा कापडी टॅग मागे कमरेत शिवलेला असेल तर तो घरी आल्यावर उसवायचा, कापायचा नाही. कापला की खुंट राहतो आणि तो टॅगपेक्षा जास्त टोचतो.

आता कापड. राम मारुती रोडला जिमच्या नावाखाली जे मिळतं त्यातलं पुष्कळसं कॉटन-लायक्रा असतं. हाताला मऊ लागतं, घरात घालायला छान. पण ठाण्याच्या दमट हवेत कॉटन घाम पितं आणि ओलंच राहतं, आणि ओलं कापड कातडीला सर्वात जास्त घासतं. नायलॉन आणि स्पॅन्डेक्सचं मिश्रण घ्या. लेबलवर स्पॅन्डेक्स किंवा इलास्टेन 20 टक्क्यांच्या आसपास असावं. पॉलिस्टर लवकर वाळतं, पण त्यात घामाचा वास धरून राहतो. हे मी गिऱ्हाइकांच्या कपड्यांवरून सांगते, यापेक्षा जास्त तपशील नको.

कापड आडवं आणि उभं, दोन्हीकडे ताणून सोडा. झटकन मूळ जागी आलं पाहिजे. मग मूठ आत घालून दुकानाच्या दाराशी उजेडात धरा. बोटांची पेरं दिसली तर वाकल्यावर मागून काय दिसेल ते समजून घ्या आणि परत ठेवा. गडद रंग घ्यावा हे सांगायला नको.

ट्रायल रूममध्ये नुसतं आरशासमोर उभं राहून उपयोग नाही. एक पाय स्टुलावर ठेवा, हँडल धरल्यासारखं पुढे वाका, उकिडवं बसा. वाकल्यावर मागून कंबर खाली घसरली तर आसन लहान आहे. उभं राहिल्यावर पुढे चुण्या पडल्या तर माप मोठं आहे, आणि सायकलवर त्याच चुण्या घासतात. दुकानदार "एक साईझ वरची घ्या वहिनी, सैल बरी" म्हणेल. ऐकू नका. सायकलला सैल बरी नसते.

लांबी मांडीच्या आतल्या बाजूने निदान आठ-नऊ इंच हवी. आखूड शॉर्ट चार पॅडल मारल्यावर वर गुंडाळते आणि मांडी थेट सीटच्या पुढच्या टोकाला घासते. खालच्या कडेला सिलिकॉनची पट्टी असेल तर कापड जागेवर राहतं, पण घामाने काहींना तिथे लाल चट्टे येतात. मला रुंद, सपाट कापडी पट्टी आवडते. कमरेलाही तसंच, रुंद पट्टा, आणि नाडी असलीच तर तिची गाठ वाकल्यावर पोटात रुतत नाही ना ते बघा.

आतून काय घालायचं, हे बायका मला कानात विचारतात, म्हणून इथे मोठ्याने सांगते. पॅडवाल्या शॉर्टखाली काहीही घालायचं नसतं. बिनपॅडच्या शॉर्टमध्ये आसनाचा तुकडा आणि सपाट शिवण असेल, तर तिच्याखालीही गरज नसते. घालायचंच असेल तर बिनशिवणीची चड्डी घ्या. जांघेत इलास्टिक असलेली नेहमीची सुती चड्डी सगळ्यात वाईट. शॉर्ट कितीही महाग असो, ते इलास्टिक कापणारच. वरून सैल हाफ पॅन्ट किंवा कुर्ता घालणार असाल तर त्या हाफ पॅन्टची गाठही तपासा, दोन थरांतूनही ती जाणवते.

सगळं नीट असूनही बसायची दोन हाडं दुखत असतील तर दोष शॉर्टचा नाही, सीटचा आहे. खोक्याचा पन्हळी पुठ्ठा कडक स्टुलावर ठेवून त्यावर पाय थोडे उचलून बसा. दोन खळगे उमटतील. त्यांच्या मध्यांमधलं अंतर मोजा आणि त्याहून दोनेक सेंटिमीटर रुंद सीट शोधा. वरून चढवायचं जेलचं कव्हर घेऊ नका. ते सरकतं, आणि फार मऊ सीटमध्ये हाडं रुतली की मधल्या नाजूक भागावर दाब येतो.

दोन तासांहून जास्त बसायचं असेल तर पातळ पॅड घ्या. ट्रायथलॉनच्या शॉर्टमध्ये फ्लीससारखा पातळ पॅड असतो, कारण पोहून आल्यावर त्याच कपड्यात सायकल चालवून पुढे धावायचं असतं. तो लवकर वाळतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर जाड फोम दोन-दोन दिवस ओलसर राहतो, आणि तसाच पुन्हा घातला की जांघेत गजकर्ण ठरलेलं. पॅड असो-नसो, घरी आल्यावर चहा नंतर, शॉर्ट आधी बदला. खाज उठली तर केमिस्टकडून स्टिरॉइड मिसळलेलं मलम आणून चोळू नका. त्याने आधी बरं वाटतं आणि मग चिघळतं. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

धुताना उलटी करून, साध्या पाण्यात. फॅब्रिक कंडिशनर नको, त्याचा थर बसला की कापड घाम बाहेर टाकत नाही. गरम पाणी, इस्त्री, ड्रायर यांनी लायक्राचा जीव जातो. पंख्याखाली वाळवा.

राहिलं अल्टरेशन. घेऊन ठेवलेली शॉर्ट टोचत असेल तर शेजारच्या टेलरकडे न्यायला हरकत नाही, पण गोल टोकाची सुई आणि झिगझॅग टीप आहे का, हे आधी विचारा. साध्या सरळ टिपेचा दोरा कापड ताणलं की तुटतो. कमरेचा पट्टा बदलता येतो, सिलिकॉनची पट्टी काढता येते, गाठ उसवून आसनात तुकडाही बसवता येतो, त्याच जातीचं कापड मिळालं तर. मुळात आसनच लहान असेल तर मात्र शिलाईवर पैसे घालवू नका.