फाउंड्रीच्या कार्बनचा हिशेब वीजबिलापासून कसा लावायचा

मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात, हिशेब बघते, चौदा वर्षं झाली. २०२३च्या दिवाळीआधी एकाच आठवड्यात दोन मेल आले. एक पुण्याच्या कंपनीचा, तिला आम्ही पंपाची केसिंग देतो. दुसरा युरोपातल्या गिऱ्हाइकाचा, ते आमच्याकडून पाईप फिटिंग घेतात. दोघांचं मागणं एकच: तुमच्या एक टन मालामागे कार्बन, म्हणजे हवेत सुटणारा कार्बन डायऑक्साइड, किती?

आमच्याकडे पर्यावरण विभाग वगैरे काही नाही. बिलं माझ्या टेबलावर येतात म्हणून काम माझ्याकडे आलं. छोट्या कारखान्यांत हे बहुतेक असंच होणार आहे, म्हणून अकाउंट्समधल्या माणसाला कळेल अशा भाषेत लिहिते आहे.

आधी कोण कशासाठी विचारतंय ते बघा. पुण्याची कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आहे. सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० कंपन्यांना २०२२-२३पासून बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा वार्षिक अहवाल, बंधनकारक केला, त्यामुळे या कंपन्या आता पुरवठादारांकडेही आकडे मागतात. युरोपचं कारण सीबॅम, म्हणजे सीमेवरचा कार्बन आकार. १ ऑक्टोबर २०२३पासून तिथल्या आयातदाराला नुसती माहिती द्यावी लागत होती, १ जानेवारी २०२६पासून त्यावर पैशांचा हिशेब सुरू झाला. तुम्ही खरा आकडा दिला नाहीत तर ते ठरवून दिलेला आकडा लावतात, आणि तो चढाच असतो.

तुमचा माल सीबॅममध्ये येतो का, हे इन्व्हॉइसवरच्या एचएस कोडवरून, म्हणजे मालाच्या प्रकाराच्या आंतरराष्ट्रीय क्रमांकावरून, कळतं. पाईप फिटिंग ७३०७, नट-बोल्ट ७३१८, लोखंडाच्या इतर वस्तू ७३२६, हे सगळे यादीत आहेत. आमचे पंपाचे भाग ८४च्या प्रकरणात जातात, ते मूळ यादीत नाहीत. हे मी आधी पाहिलं असतं तर पहिले दोन महिने नको त्या मालाची माहिती गोळा करण्यात गेले नसते.

हिशेब स्वतः सोपा आहे. जळलेलं किंवा वापरलेलं प्रमाण गुणिले त्याचा गुणांक, म्हणजे एका लिटरमागे, किलोमागे किंवा युनिटमागे किती कार्बन, तो आकडा. कारखान्यात जळतं ते स्कोप १ (जनरेटरचं डिझेल, लॅडल म्हणजे वितळलेला धातू ओतायचं भांडं तापवायचा एलपीजी, क्युपोला म्हणजे कोकवर चालणारी भट्टी असेल तर कोक). विकत घेतलेली वीज स्कोप २. बाकीचं, म्हणजे पिग आयर्न (कच्चं लोखंड), भंगार, ट्रकचं भाडं, कामगारांचं येणं-जाणं, हे स्कोप ३. ही विभागणी जीएचजी प्रोटोकॉल या कार्बन मोजण्याच्या नियमावलीची आहे आणि जगभर तीच चालते.

आमच्या एका महिन्याच्या जवळपासचे आकडे देते. वीज १,८६,४०० युनिट. केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी देशाच्या ग्रिडचा गुणांक काढतं; २०२३-२४चा ०.७२७, म्हणजे एका युनिटमागे ७२७ ग्रॅम. गुणाकार करा, १३५.५ टन. डिझेल १,१५० लिटर, लिटरमागे २.६८ किलो, म्हणजे ३.१ टन. एकोणीस किलोचे ४० सिलिंडर, ७६० किलो एलपीजी, किलोमागे जवळजवळ ३ किलो, म्हणजे २.३ टन. एकूण १४१ टनांच्या आसपास. त्या महिन्यात चांगली कास्टिंग गेली १४० टन. टनाला एक टन.

इथेच दिसतं की इंडक्शन फर्नेसवाल्या, म्हणजे विजेच्या भट्टीवर चालणाऱ्या, फाउंड्रीत सगळा खेळ विजेचा आहे. म्हणून वेळ आणि पैसा विजेच्या मोजणीवर घाला. ऑफिसातल्या कागदाच्या रिमा मोजत बसू नका.

वीजबिल वाचताना

महावितरणचं एचटी (उच्च दाबाच्या जोडणीचं) बिल मी दर महिन्याला पोर्टलवरून पीडीएफमध्ये उतरवून घेते. त्यात दोन प्रकारची युनिट असतात, केडब्ल्यूएच (प्रत्यक्ष कामाला आलेली वीज) आणि केव्हीएएच (ग्रिडमधून ओढलेली एकूण वीज). एचटी उद्योगाला एप्रिल २०२०पासून बिल लागतं ते केव्हीएएचवर, त्यामुळे पैसे तपासायची सवय असलेल्या माणसाचा डोळा आपोआप त्याच आकड्यावर जातो. कार्बनचा गुणांक मात्र केडब्ल्यूएचचा आहे. पॉवर फॅक्टर, म्हणजे या दोन आकड्यांचं गुणोत्तर, ०.९८ असेल तर फरक दोन टक्के पडतो, तो सुधारणारी कपॅसिटर बँक बिघडलेल्या महिन्यात बराच जास्त. दुसरं, मीटरवरचं रीडिंग आणि बिलातली युनिट यांच्यामध्ये एमएफ, म्हणजे गुणक असतो. कुणी मीटरचा फोटो पाठवला तर त्या आकड्याला एमएफने गुणल्याशिवाय तो शीटमध्ये घालू नका.

माझी मोठी चूक सोलरची. आमच्या शेडवर २०० किलोवॉटचं सोलर आहे, महिन्याला २४,००० युनिटच्या आसपास देतं. पहिल्या वर्षी मी बिलातल्या युनिटमधून सोलरची युनिट वजा केली. हिरवी वीज आहे, तिचा कार्बन धरायचा नाही, एवढाच विचार केला. पण नेट मीटर ग्रिडमधून आलेली आणि ग्रिडला परत दिलेली वीजच मोजतो. शेडवर बनून तिथेच खपलेली वीज बिलात आलेलीच नसते. जे नव्हतंच ते मी वजा केलं होतं. महिन्याला १७ टन, वर्षाला २०० टनांहून जास्त कमी दाखवले. पुण्याच्या कंपनीने पाठवलेल्या तपासनीसांनी ते अर्ध्या तासात काढलं. त्यांनी बिल, इन्व्हर्टरच्या ॲपमधला आकडा आणि माझी शीट एका ओळीत मांडली आणि विचारलं, "मॅडम, हे वजा कशातून केलंत?" मला उत्तर देता आलं नाही. सुधारित अहवाल पाठवावा लागला, आणि अण्णांना, म्हणजे आमच्या मालकांना, मला स्वतः जाऊन सांगावं लागलं.

तेव्हापासून शीटमध्ये चार वेगळे रकाने आहेत: ग्रिडमधून आलेली, सोलरवर बनलेली, ग्रिडला परत दिलेली, आणि कारखान्यात एकूण खपलेली. स्कोप २ला फक्त पहिला रकाना जातो. चौथा लागतो तो टनामागे युनिट किती, हे बघायला.

शीट, फॉर्म, आणि मग मीटर

सॉफ्टवेअर विकणारे आमच्याकडेही आले. लॅपटॉपवर रंगीत आलेख होते, पण त्यात घालायचा डेटा कुठून येणार, याचं उत्तर "तुमची माणसं भरतील" एवढंच होतं. आमची माणसं तेव्हा काय भरत होती? जनरेटरच्या खोलीत एक वही होती, पानांवर तेलाचे डाग, आणि रात्रपाळीच्या डिझेलचा आकडा दुसऱ्या दिवशी आठवून लिहिलेला. असा आकडा कितीही महागड्या सॉफ्टवेअरमध्ये घातला तरी तो आठवूनच लिहिलेला राहतो.

म्हणून गूगल शीट आणि एक गूगल फॉर्म, एवढ्यावर सुरुवात केली. फॉर्म मराठीत, पाचच प्रश्न: तारीख, पाळी, जनरेटरचे तास, डिझेल किती लिटर ओतलं, मीटरचा फोटो. फोटो चढवायला गूगलमध्ये लॉग-इन असावं लागतं, म्हणून मेल्टिंगच्या केबिनमधल्या फोनवर एक वेगळं खातं काढून दिलं. फॉर्मचा क्यूआर कोड छापून, लॅमिनेट करून, जनरेटरच्या दारावर आणि फर्नेसच्या पॅनेलवर चिकटवला. आमचे मेल्टिंगचे सुपरवायझर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, पहिल्यांदा नाराज होते. "आता भट्टी बघू का मोबाईल?" मी त्यांच्याबरोबर तीन रात्रपाळ्या थांबले. प्रत्येक हीटनंतर, म्हणजे भट्टीचा एक घाणा वितळून झाल्यावर, भरायला लागायचं ते पाळीला एकदाच केलं, तेव्हा जमलं. ज्याला भरायचं आहे त्याच्या शेजारी उभं राहून फॉर्म ठरवा, ऑफिसात बसून ठरवू नका.

डिझेल आणि गॅस टॅलीतूनही येतं. खरेदीचं लेजर एक्सेलमध्ये काढा आणि फॉर्मच्या बेरजेशी ताडून बघा. खरेदी म्हणजे वापर नव्हे, टाकीतला शिल्लक साठा दोन्ही टोकांना धरायचा. आणि टॅलीत नुसती रक्कम नोंदवत असाल तर आजपासून लिटर आणि किलोही नोंदवा. रुपयांवरून मागे जाऊन लिटर काढणं फार त्रासाचं असतं.

गुणांकांसाठी शीटमध्ये वेगळं पान ठेवा. प्रत्येकासमोर वर्ष आणि कुठून घेतला ते लिहा. नव्या वर्षाचा गुणांक आला की नवी ओळ. जुना खोडायचा नाही. नाहीतर एक आकडा बदलला की मागच्या सगळ्या वर्षांचे अहवाल गुपचूप बदलतात.

सहा महिने हे सुरळीत चाललं, मग पॅनेलवर मीटर बसवले. फर्नेस, कॉम्प्रेसर, सँड प्लांट (साच्याची वाळू तयार करणारा), फेटलिंग (कास्टिंग घासून साफ करणं), असे चार. आरएस-४८५ पोर्ट (रीडिंग केबलने बाहेर पाठवायची सोय) असलेले मल्टिफंक्शन मीटर, एका केबलने जोडलेले, पुढे रीडिंग इंटरनेटवर पाठवणारा सिमकार्डवाला गेटवे. दर पंधरा मिनिटांनी रीडिंग आपोआप शीटमध्ये. इथे दोन गोष्टी सांभाळा. ही केबल शील्ड असलेलीच घ्या आणि फर्नेसच्या पॉवर केबलपासून लांब, वेगळ्या ट्रेमधून न्या. आमच्याकडे आधी एकाच ट्रेमधून नेली होती. भट्टी पूर्ण पॉवरवर गेली की रीडिंग गायब व्हायची. दुसरं, सीटी, म्हणजे वायरवर बसवलेली करंट मोजणारी कडी, उलटी बसली तर त्या फेजची पॉवर वजा दिसते आणि एकूण आकडा कमी येतो. बसवल्याच्या दिवशीच इलेक्ट्रिशियनला तिन्ही फेज एकेक दाखवायला सांगा. चार मीटरांची बेरीज आणि एकूण खपलेली वीज (शीटचा चौथा रकाना) यांच्यात तीन-चार टक्क्यांहून जास्त फरक असेल, तर काहीतरी चुकतंय किंवा एखादा लोड मोजला जात नाहीये.

मीटरांचा पहिला उपयोग अहवालाला झालाच नाही, मामांना झाला. पंधरा मिनिटांच्या आलेखात जेवणाच्या सुट्टीत फर्नेसची रेघ खाली येतच नव्हती. धातू वितळलेला, मोल्ड (साचे) तयार नाहीत, आणि झाकण उघडं ठेवून भट्टी नुसती गरम ठेवलेली. मामांनी तो आलेख मोबाईलवर दोन बोटांनी मोठा करून पाहिला, बराच वेळ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मोल्डिंगवाल्यांना आधी विचारून मगच चार्ज (वितळवायचा माल) भट्टीत टाकायला लागले, आणि झाकण पडायला लागलं. वितळवलेल्या धातूच्या टनामागे एकट्या फर्नेसला ६४० युनिट लागायची, ती ६०५वर आली. अण्णांनी त्यानंतर मीटरच्या खर्चाबद्दल कधी विचारलं नाही.

गिऱ्हाइकाला पाठवताना

एकच आकडा कधीही देऊ नका. स्कोप १ वेगळा, स्कोप २ वेगळा, कच्च्या मालाचा वेगळा. याचं कारण पैशांचं आहे. लोखंड-पोलादासाठी सीबॅम २०२६पासून थेट उत्सर्जनच धरतं, विजेचं धरत नाही. पण विकत घेतलेल्या पिग आयर्नचं ओझं आपल्या मालावर चढतं. भंगाराचं मात्र शून्य धरतात. म्हणजे पुण्याच्या कंपनीला आमचा जो आकडा मोठा वाटतो, त्यातला बराचसा युरोपात मोजलाच जात नाही, आणि युरोपात जो लागतो तो पिग आयर्न पुरवणाऱ्याच्या हातात आहे. त्याच्याकडे आत्ताच लेखी मागा. आमच्याकडून चार पत्रं गेली, तेव्हा कुठे एकाचं उत्तर आलं.

युरोपियन कमिशनने कारखान्यांसाठी एक्सेलचा टेम्प्लेट फुकट दिलेला आहे. लांबलचक आहे, पण पिवळे रकाने ओळीने भरत गेलं की जमतं. त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर घ्यायची गरज नाही. सॉफ्टवेअर घ्यायचंच असेल, म्हणजे दोन-तीन कारखाने असतील किंवा दहा गिऱ्हाइकं दहा नमुन्यांत मागत असतील, तर विकणाऱ्याला तीन गोष्टी विचारा. माझा सगळा कच्चा डेटा मला एक्सेलमध्ये परत मिळेल का? गुणांक दिसतो का, आणि बदलता येतो का? कुणी आकडा बदलला तर कोणी, कधी, याची नोंद राहते का? एकाचंही उत्तर नाही आलं तर थांबा.

प्रत्येक महिन्याच्या नावाचं फोल्डर करा आणि बिलाची पीडीएफ, डिझेलच्या पावत्या, मीटरचे फोटो त्यात टाका. तपासनीस आकडा मानत नाहीत, कागद मानतात.

शेवटचं काम ३१ मार्चला. वीजबिलाचा महिना आणि आर्थिक वर्ष बहुधा जुळत नाही, मधले आठ-दहा दिवस इकडचे तिकडे होतात. ते अंदाजाने वाटण्यापेक्षा रात्री बाराला मेन मीटर, सोलरचा मीटर, डिझेलची टाकी आणि गॅसचे भरलेले सिलिंडर यांचे फोटो घ्यायचे. यंदा रात्रपाळीला मामाच होते. बारा वाजून दोन मिनिटांनी माझ्या फोनवर चार फोटो आले, आणि टाकीच्या फोटोत डिपस्टिकवरच्या खुणेशी त्यांनी खडूने बाण काढला होता.