हाताने केलेलं ख्रिसमसचं डेकोरेशन पुढच्या वर्षापर्यंत टिकवायचं तर

ट्री उतरवला की सगळं एकाच खोक्यात कोंबायचं आणि माळ्यावर टाकायचं, हे दुकानातून आणलेल्या प्लास्टिकच्या बॉल्सना चालतं, पण पोरांनी किंवा आजीने हाताने केलेली चांदणी असेल तर तिचं वेगळं बघावं लागतं. मिठाच्या कणकेचं म्हणजे मैदा, मीठ, पाणी मळून भाजलेलं असेल तर त्याचा खरा शत्रू दमट हवा, मीठ ओल ओढतं आणि वस्तू मऊ पडते, कडा भुरभुरायला लागतात, म्हणून आधी पूर्ण वाळवून मागून-पुढून वार्निशचा हात द्या (मागची बाजू सगळेच विसरतात!) आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई लागते, साधा पांढरा टिश्यू बरा. हॉट ग्लूने (वितळवून लावायच्या गोंदाने) चिकटवलेलं असेल तर तापणारा माळा नकोच, ग्लू मऊ होऊन मणी सुटतात. लोकरीचं असेल तर कसर लागते, स्वच्छ करूनच ठेवा. आणि मागे पेन्सिलने नाव आणि साल लिहून टाका, कोणी कधी केलं यावरून दरवर्षी होणारी भांडणं तरी वाचतील.