मंदीत इन-हाउस वकिलांकडून होणाऱ्या चुका: या टाळा

मंदी आली की कंपनीच्या लीगल टीमवर, म्हणजे कंपनीतच पगारावर काम करणाऱ्या इन-हाउस वकिलांवर, दोन्ही बाजूंनी ताण येतो. थकबाकीच्या नोटिसा, करार मोडता येईल का अशा विचारणा, कर्जाच्या अटींची फेरबोलणी, नोकरकपात असं सगळं काम एकदम अंगावर येतं. नेमकं तेव्हाच बजेट कापलं जातं आणि टीममधल्या रिकाम्या जागा भरल्या जात नाहीत. बाहेरच्या वकिलाचा एक क्लायंट गेला तरी दुसरे असतात. इन-हाउस वकिलाचा क्लायंट एकच असतो आणि पगारही तिथूनच येतो. खालच्या बहुतेक चुकांचं मूळ मला इथे दिसतं: नोकरीची धास्ती असताना "हो" म्हणणं सोपं वाटू लागतं. कायदे देशागणिक बदलतात, म्हणून इथले निकाल आणि मुदती उदाहरणादाखल घ्या. चुका मात्र सगळीकडे जवळपास त्याच असतात.

पैसे नाहीत म्हणून फोर्स मेजरची नोटीस

विक्री घसरली की बिझनेस टीमचा पहिला प्रश्न असतो, "फोर्स मेजर लावता येईल का?" आणि अनेकदा घाईघाईत नोटीस जातेसुद्धा. आवाक्याबाहेरच्या घटनेमुळे करार पाळता आला नाही तर जबाबदारीतून सूट देणारं हे कलम पूर, युद्ध, सरकारी बंदी अशा घटनांसाठी लिहिलेलं असतं. माल महाग झाला किंवा गिऱ्हाईक आटलं, एवढ्यावर ते सहसा लागू होत नाही. १८६३ च्या टेलर विरुद्ध कॉल्डवेल खटल्यात भाड्याने ठरवलेलं सभागृहच जळून गेलं होतं, म्हणून इंग्लंडच्या न्यायालयाने दोन्ही पक्षांना करारातून मोकळं केलं. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये एनर्जी वॉचडॉग प्रकरणात इंडोनेशियातला कोळसा महागला हे कारण पुरेसं मानलं नाही. उलट फ्रान्सच्या नागरी संहितेत २०१६ च्या सुधारणेने कलम ११९५ आलं. करार करताना अंदाज नव्हता अशा बदलामुळे तो पाळणं अतिशय खर्चिक झालं, तर त्याच्या आधारे फेरबोलणी मागता येते. जर्मन नागरी संहितेच्या कलम ३१३ मध्येही करार बदलून घेण्याची वाट आहे. म्हणून कराराला कोणत्या देशाचा कायदा लागू आहे, ते कलम सगळ्यात आधी उघडा.

चुकीच्या नोटिशीने होणारं नुकसान फार मोठं असतं. "आम्ही यापुढे करार पाळू शकत नाही" असं लेखी गेलं की समोरचा पक्ष तोच करारभंग समजून करार रद्द करू शकतो आणि वर भरपाईही मागू शकतो. आधी चार गोष्टी तपासा: कलमात ही घटना बसते का, नोटिशीची मुदत उलटली का, पैसे देण्याची जबाबदारी कलमातून वगळलेली आहे का (अनेक करारांत असते), आणि नुकसान कमी करण्यासाठी आपण काय केलं याचा पुरावा आहे का. यात बसत नसेल तर नोटिशीच्या फंदात न पडता, आपले हक्क राखून ठेवून फेरबोलणीचं पत्र लिहा.

कंपनी खरेदीच्या व्यवहारातून अंग काढून घ्यायचं असतं तेव्हाही असंच होतं. "मटेरियल ॲडव्हर्स इफेक्ट" (विकल्या जाणाऱ्या कंपनीची स्थिती गंभीरपणे बिघडली तर खरेदीदाराला माघार घेऊ देणारं कलम) वाचून खरेदीदाराला सुटका दिसते, पण देशभरातली किंवा उद्योगभरातली मंदी त्यातून सहसा स्पष्टपणे वगळलेली असते. या कलमावर खरेदीदाराची सुटका अमेरिकेतल्या डेलावेअर राज्याच्या न्यायालयाने पहिल्यांदा मान्य केली ती २०१८ मध्ये, एकॉर्न विरुद्ध फ्रेझेनियस प्रकरणात. तिथे त्या एकाच कंपनीचा धंदा कोसळला होता आणि औषधनिर्मितीच्या नियमपालनात गंभीर दोष सापडले होते.

सवलत फोनवर, कागदावर काहीच नाही

वसुली विभाग फोनवर सांगून टाकतो, "ठीक आहे, तीन हप्त्यांत द्या." वकिलाला हे कळतं ते वाद उभा राहिल्यावर. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा रॉक ॲडव्हर्टायझिंग निकाल अशाच प्रसंगातून आला. ऑफिसच्या जागेचं शुल्क थकलं होतं, हप्ते बदलून देण्याबद्दल तोंडी बोलणं झालं होतं आणि करारात मात्र बदल लेखीच हवा असं कलम होतं. न्यायालयाने कलम पाळलं आणि तोंडी बदलाला किंमत दिली नाही. सगळीकडे असंच होईल असं धरू नका. काही देशांत वागणुकीवरून हक्क सोडल्याचा अर्थ काढला जातो. सहा महिने उशिरा आलेले पैसे निमूटपणे घेत राहिलात तर सातव्या महिन्यात अचानक करार रद्द करणं अवघड होतं.

उपाय साधा आहे. वसुली आणि खरेदी विभागांना एक पानी नमुना द्या: सवलत किती काळासाठी, कोणत्या रकमेपुरती, बाकी हक्क राखून, आणि सही कोणाची. तसंच "पैसे देतो, थोडा वेळ द्या" असे ईमेल कोण पाठवतं यावर लक्ष ठेवा. भारतासह अनेक देशांत दावा लावण्याची कायदेशीर मुदत संपण्याआधी दिलेल्या लेखी कबुलीने ती मुदत नव्याने सुरू होते. तुम्ही धनको असाल तर अशी कबुली मागून घ्या. ऋणको असाल तर ती कोणीही सहज लिहून देऊ नये.

एकच करार वाचणं

एका बँकेच्या कर्जाची अट मोडली एवढंच प्रकरण समोर येतं आणि त्यावर काम सुरू होतं. पण दुसऱ्या कर्जात क्रॉस-डिफॉल्टचं (एक कर्ज थकलं की हेही थकलं असं मानणारं) कलम असतं, भाडेकरारात आर्थिक स्थितीची अट असते, मोठ्या ग्राहकाच्या करारात पतमानांकन घसरलं तर रद्द करण्याचा अधिकार असतो. एक अट मोडली की बाकीची कलमं एकामागोमाग जागी होतात. मोठे करार निवडून एका तक्त्यात मांडा: कोणत्या घटनेने काय होतं, दुरुस्तीला किती दिवस मिळतात, कोणाला कळवावं लागतं. हे काम अट मोडण्याआधी करायचं असतं. बँकेकडून सूट मागायची वेळ अट मोडण्यापूर्वीची असेल तर बोलणी बरीच सोपी जातात.

"आधी त्याचे देऊन टाका"

सगळ्यात जास्त धोका मला इथे वाटतो. पैसे कमी असतात, देणी जास्त असतात, आणि वरून निरोप येतो की अमक्या पुरवठादाराचे, किंवा समूहातल्याच दुसऱ्या कंपनीचे पैसे आजच द्या. कायद्याला हे वाटप हवं तसं चालत नाही. कंपनी पुढे दिवाळखोरीत गेली तर मागे जाऊन ही देणी तपासली जातात. अमेरिकेत मागे जाऊन तपासण्याची ही मुदत साधारण ९० दिवसांची, आणि संचालकांसारख्या कंपनीतल्या आतल्या माणसांसाठी १ वर्षाची आहे. भारताच्या दिवाळखोरी संहितेत ती १ वर्षाची आणि संबंधित पक्षांसाठी २ वर्षांची आहे. दिलेले पैसे परत मागवले जाऊ शकतात, आणि ज्यांनी ते द्यायला लावले त्यांच्यापर्यंतही प्रश्न पोहोचतात.

संचालकांची जबाबदारीही या काळात सरकते. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सीक्वाना प्रकरणात म्हटलं की दिवाळखोरी तोंडावर आली असेल किंवा होण्याचीच शक्यता जास्त असेल, तर संचालकांना धनकोंचं हितही विचारात घ्यावं लागतं. जर्मनीत तर पैसे चुकते करण्याची क्षमता संपल्यावर दिवाळखोरीचा अर्ज विनाविलंब, जास्तीत जास्त ३ आठवड्यांत करावा लागतो. बोर्डाला हे माहीत असेल असं गृहीत धरू नका. दर महिन्याला रोखीची स्थिती बोर्डापुढे यावी, निर्णयाची कारणं इतिवृत्तात यावीत आणि संचालकांना स्वतंत्र सल्ला कधी लागेल हे आधीच ठरावं. ही शिस्त पहिल्या बुडीत तिमाहीतच लावा. प्रकरण न्यायालयात गेल्यावर लिहिलेल्या कारणांवर कोणी विश्वास ठेवत नाही.

ईमेलच्या सीसीत वकील टाकला की गुप्त?

हा गैरसमज फार पसरलेला आहे. वकिलाशी झालेला संवाद संरक्षित राहतो तो कायदेशीर सल्ल्यापुरता. धंद्याची आकडेमोड सीसीमुळे गुप्त होत नाही, आणि मूळ घटना तर कधीच नाहीत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८१ च्या अपजॉन निकालात कंपनीच्या साध्या कर्मचाऱ्यांशी झालेल्या वकिलांच्या संवादालाही संरक्षण दिलं. पण युरोपीय न्यायालयाने २०१० मध्ये ॲक्झो नोबेल प्रकरणात सांगितलं की युरोपीय आयोगाच्या स्पर्धा कायद्याच्या चौकशीत इन-हाउस वकिलाला हे संरक्षण मिळत नाही, कारण तो नोकर आहे, पुरेसा स्वतंत्र नाही. म्हणून अनेक देशांत व्यवहार असणाऱ्या कंपनीने नाजूक विषय बाहेरच्या वकिलामार्फतच हाताळावा, आणि सल्ला व व्यवसायाचं मत वेगळ्या ईमेलमध्ये लिहावं. कर्मचाऱ्याची चौकशी करताना पहिल्याच वाक्यात सांगा की तुम्ही कंपनीचे वकील आहात, त्याचे नाही. मंदीत नोकरी धोक्यात असलेला माणूस तुमच्याकडे मोकळेपणाने बोलतो, आणि ते बोलणं पुढे त्याच्याच विरोधात वापरलं गेलं तर ते अन्यायाचं होतं.

नोकरकपात: यादी ठरल्यावर वकील

यादी तयार होते, तारीख जाहीर होते आणि मग लीगलला "पत्रं बघून द्या" असं सांगितलं जातं. अमेरिकेच्या वॉर्न कायद्यात १०० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकांना मोठ्या कपातीआधी ६० दिवसांची नोटीस द्यावी लागते. ब्रिटनमध्ये १०० किंवा अधिक जणांना कमी करायचं असेल तर सल्लामसलत किमान ४५ दिवस आधी सुरू व्हावी लागते. तारीख ठरल्यावर हे दिवस कुठून आणणार? निवडीचे निकष लिहिले जातात तेव्हाच वकील खोलीत हवा.

आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते. आयटी विभाग गेलेल्या माणसाचा लॅपटॉप लगेच पुसून दुसऱ्याला देतो. वाद येण्याची शक्यता दिसत असेल तर ते ईमेल आणि फायली जपून ठेवणं कंपनीचं कर्तव्य ठरू शकतं. २००१ मध्ये एन्रॉन या बुडालेल्या अमेरिकी ऊर्जा कंपनीची कागदपत्रं नष्ट झाल्यावर आर्थर अँडरसन ही लेखापरीक्षण संस्था २००२ मध्ये दोषी ठरली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये तो निकाल फिरवला, पण तोपर्यंत संस्था जवळजवळ संपली होती. कपातीच्या प्रत्येक यादीसोबत लीगल होल्डची, म्हणजे काय पुसायचं नाही याची, यादी आयटीकडे गेलीच पाहिजे.

बजेट सरसकट कापणं

सगळ्या बाहेरच्या फर्मचं काम एकाच टक्क्याने कमी करणं सोपं असतं, म्हणून केलं जातं. नेहमीचे गुप्तता करार, छोटी भाडेपत्रं नमुन्यांवर आणि आतल्या टीमवर सोडा. दिवाळखोरी, स्पर्धा कायदा, मोठा लवाद यांवरचा पैसा राखा. जिथे काम मोजता येतं तिथे ठरावीक फी मागा. आणि टीममधल्या दोन माणसांवर चौघांचं काम टाकलं असेल तर कोणतं काम थांबणार आहे, हे लेखी ठरवून सीएफओला कळवा.

वरिष्ठांनी ऐकलंच नाही तर

सल्ला तोंडी देऊन गप्प बसू नका. तारखेसह लेखी द्या, आणि गंभीर बाब असेल तर एक पायरी वर जा. एन्रॉननंतर आलेल्या २००२ च्या सार्बेन्स-ऑक्सली कायद्याखाली अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकापुढे कंपनीचं काम करणाऱ्या वकिलांवर ही जबाबदारी स्पष्टपणे टाकली आहे: गंभीर उल्लंघनाचा पुरावा आधी मुख्य विधी अधिकाऱ्याकडे किंवा सीईओकडे, आणि योग्य प्रतिसाद नाही मिळाला तर बोर्डाच्या ऑडिट समितीकडे. तुमच्या देशात असा नियम नसला तरी कंपनीच्या अंतर्गत धोरणात ही वाट लिहून घ्या, तीही मंदीचं सावट दिसण्याआधी, बोर्डाच्या ठरावाने. मग सीईओने नाही म्हटल्यावर ऑडिट समितीच्या अध्यक्षांना फोन करायला तुम्हाला कोणाची परवानगी मागावी लागणार नाही.