शिडाची बोट कुठे ठेवायची ते ओहोटीला बघून ठरवा

गोव्यात बोटीसाठी जागा बघायला लोक भरतीला जातात, पाणी मस्त भरलेलं दिसतं, आणि उधाणाच्या ओहोटीला बोट चिखलात कलंडते. मांडवी, झुआरी, शापोरा कुठेही असो, असं करा:

१. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांत, पूर्ण ओहोटीला जा.
२. दोरीला वजन बांधा, दर अर्ध्या मीटरला गाठ मारा आणि होडीतून खोली मोजा, कीलखाली, म्हणजे बोटीच्या तळाच्या सगळ्यात खालच्या भागाखाली, निदान अर्धा मीटर पाणी उरायला हवं. वजनाच्या बुडाला ग्रीस फासलं की तळाची वाळू किंवा चिखल चिकटून वर येतो, नांगर कसा धरेल ते लगेच कळतं, हे मला फारच आवडतं.
३. तसंच मोजत नदीच्या मुखापर्यंत जा, बोट समुद्रात त्याच वाटेने जायची आहे.

फक्त मांडवीत पणजीच्या पुलांच्या आतली जागा घेत असाल तर डोलकाठी पुलाखालून जाते का ते मात्र भरतीलाच बघा.