ओएसपीएफ ‘एक्सस्टार्ट’वर अडकते तेव्हा

आर्वी तालुक्यातील आमच्या गावी, वीज असेल त्या वेळात, मी व्हीएक्सलॅनने (एका नेटवर्कवरून दुसरे आभासी नेटवर्क नेण्याच्या पद्धतीने) जोडलेल्या दोन आभासी लिनक्स यंत्रांवर एफआरआर हे राउटिंगचे सॉफ्टवेअर वापरून ओएसपीएफचा, म्हणजे राउटरांनी एकमेकांना मार्ग कळवण्याच्या प्रोटोकॉलचा, सराव करतो. पिंग चालत होते, 224.0.0.5 या मल्टिकास्ट पत्त्यावर शेजारी ओळखण्यासाठीची हॅलो पॅकेट्स दोन्हीकडून येत होती, तरीही शेजारी राउटरची स्थिती ‘एक्सस्टार्ट’च्या, म्हणजे माहितीची देवाणघेवाण सुरू होण्याच्या टप्प्याच्या, पुढे सरकत नव्हती. फायरवॉल प्रोटोकॉल 89 (ओएसपीएफचा क्रमांक) अडवत नाही हे यावरून स्पष्ट झाल्याने मी टीसीपीडंप या पॅकेट्स पाहण्याच्या साधनाने डेटाबेस वर्णनाची (आपल्याकडील मार्गमाहितीचा सारांश देणारी) पॅकेट्स तपासली, तेव्हा एकीकडे एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार, 1500 बाइट आणि दुसरीकडे 1450 आढळला. आपल्यापेक्षा मोठा एमटीयू दिसला की राउटर ते पॅकेट नाकारतो. ही तपासणी टाळण्याची आज्ञा एफआरआरमध्ये आहे. पण ती वापरू नये असे माझे ठाम मत आहे, कारण शेजार जुळला तरी मोठी पॅकेट्स वाटेत हरवतात. दोन्हीकडे 1450 ठेवताच स्थिती ‘फुल’ (देवाणघेवाण पूर्ण) झाली आणि मार्ग कर्नलच्या तक्त्यात उतरले.